होमस्कूलिंग की सरकारी शाळा? चार वर्षं घरी शिकवल्यावरचं माझं उत्तर

तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, वाचनात वर्गाच्या बराच पुढे, गणितात रखडतो, रोज सकाळी शाळेत जाताना रडतो. तुम्हाला त्याला घरी शिकवायचंय आणि नवरा म्हणतो सरकारी शाळा चांगली चाललीये, काढायचं काही कारण नाही. आणि दोघांत बरोबर कोण, असं विचारलंयत. मी मोठीला चार वर्षं घरी शिकवलं मग शाळेत घातलं, धाकटा पहिल्यापासून शाळेतच, त्यामुळे मी दोन्हीकडे हात पोळून घेतलेत असं समजा.

आधी त्या रडण्याच्या मुळाशी जा. ते अख्ख्या शाळेचं रडणं आहे की तिथल्या एकाच गोष्टीचं? डोळे आणि कान तपासून घ्या (फळ्यावरचं नीट दिसत नाही हे मुलं सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं), मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतो ते काढून घ्या, बाईंना भेटा. नुसता बाक बदलून प्रश्न सुटणार असेल तर त्यासाठी अख्ख्या घराची घडी कशाला मोडायची? पण मारझोड, चिडवणं चाललं असेल आणि शाळा कानावर घेत नसेल तर मात्र थांबू नका, काढा.

आता वेळ. या वयात एकाला एक शिकवायला दोन-अडीच तास पुरतात, शाळेचे बाकीचे तास हजेरी, रांगा, बाकीच्यांचं होईपर्यंत थांबणं यातच जातात. हे ऐकून सगळे खूश होतात, मीही झाले होते. पण उरलेला दिवसही तुमचाच असतो हो! तुम्ही नोकरी करता की नाही ते लिहिलं नाहीये, पण एक पगार कमी करून घर चालतं का हे कागदावर मांडून बघा. आणि तुम्ही आठवडाभर तापाने पडलात तर कोण शिकवणार? नवऱ्याशी वाद घालून जिंकू नका, त्याला सरळ विचारा की गणित तू घेशील का. उत्तर "बघू" असं आलं तर ते नाहीच समजायचं.

माझी पहिली चूक म्हणजे मी घरातच शाळा उभी केली. भिंतीवर टाइमटेबल, मोबाइलची घंटा, चाळीस मिनिटांचे तास... तिसऱ्या आठवड्यात सगळं बोंबललं. ते एक वेळ ठीक, दुसरी गोष्ट लक्षात यायला मला वर्ष लागलं. अपूर्णांक चालले होते, मी विचारलं एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश, तर ती म्हणाली "एक तृती..." आणि माझ्याकडे बघितलं, माझ्या भुवया किंचित वर गेल्या असतील, लगेच "नाही नाही, एक द्वितीयांश". उत्तर बरोबर, मी शाबास म्हणून पुढे गेले. म्हणजे वर्षभर ती गणित नाही, माझा चेहरा वाचत होती! वर्गात तीस मुलं असली की बाईंचा चेहरा इतका जवळून वाचता येत नाही, घरी मात्र आईच समोर, आणि उत्तर चुकलं की आई नाराज होते हे पोराला बरोबर कळतं. मग मी उत्तरांची पानं तिच्याच हातात दिली, स्वतः तपास म्हटलं, आणि मी पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत बसायचे. पहिले काही दिवस बघून बघून उतरवलं तिने, नंतर कंटाळून स्वतःच सोडवायला लागली. तुमचा मुलगा गणितात कच्चा आहे म्हणून हे एवढं लांबण लावलं. घरी आणल्यावर तुमचा आवाज चढणार असेल तर गणितही येणार नाही आणि रडायला जवळ आईही उरणार नाही. खरं सांगते, आमच्याकडे काही महिने असे गेलेत.

"मुलांत मिसळणार कसा" हे सगळे विचारतील. मुलं नुसती भेटून भागत नाही, तीच तीच मुलं परत परत भेटायला लागतात, भांडण होऊन दुसऱ्या दिवशी परत समोर यायला लागतात. शाळेत हे फुकटात होतं, घरी ते मुद्दाम जमवावं लागतं आणि त्यात जीव जातो. वाचनाची मात्र काळजी करू नका, ते पोर कुठेही वाचेल.

कायदा तुमच्या इथला काय आहे ते निर्णयाच्या आधी बघा, नंतर नाही. जर्मनीत अगदी मोजके अपवाद सोडले तर घरी शिकवताच येत नाही, फ्रान्समध्ये 2022 पासून आधी परवानगी काढावी लागते. अमेरिकेत सगळ्या राज्यांत चालतं, पण टेक्ससमध्ये राज्याकडे नोंद करायचीही गरज नाही आणि न्यूयॉर्क राज्यात पहिली ते सहावीला वर्षाला 900 तास, शिवाय दर तिमाहीला रिपोर्ट. आणि मुलाला शाळेतून स्पीच थेरपी किंवा तसली मदत मिळत असेल तर शाळा सोडल्यावर ती चालू राहते का, हे लेखी विचारा.

मला विचाराल तर रडण्याचं कारण सापडेपर्यंत शाळेतच ठेवा, संध्याकाळी वीस मिनिटं गणित घेऊन बघा, महिनाभर. त्या वीस मिनिटांत तुमचं दोघांचं कसं जमतं त्यावरून बरंच कळेल. जमलं आणि घरी आणलंत तर एकाच वर्षासाठी आणा, तसं त्यालाही सांगा. आणि पहिल्या दिवसापासून वहीत तारीख टाकून रोज दोन ओळी लिहा, काय वाचलं, काय सोडवलं, जुन्या वह्या फेकू नका. मोठीला पाचवीत घालताना शाळेने आधी काय शिकली त्याचं विचारलं आणि माझ्याकडे पहिल्या दीड वर्षाचा एक कागद नव्हता, मग सुट्टीभर बसून तिच्या चित्रांच्या मागच्या बेरजा शोधत होते.