धपाटे तसेच परत आले

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र अडीच पानांचं आहे. त्यातली दोन पानं लातूरवर खर्ची पडली आहेत: ट्यूशन एरियातला कुठला क्लास, कुठलं होस्टेल, नीटच्या पूर्वतयारीच्या फाउंडेशनची फी किती, दहावी शाळेतूनच करावी की १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देऊन मोकळं व्हावं. मुलीबद्दल जेमतेम सात ओळी. आणि तुमची सही झाल्यावर खाली उरलेल्या जागेत वेगळ्या पेनाने, वेगळ्या अक्षरात एकच ओळ: "ताई, मागच्या रविवारी धपाटे तसेच परत आले." मी उत्तर देणार आहे ते मुख्यतः त्या ओळीला. लातूरचं मध्ये जागा मिळेल तसं बघू.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. भाऊंचं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मोंढ्यात, बी-बियाण्याचं दुकान आहे. मुलगी पाचवीपासून जिल्ह्याच्या ठिकाणी, सिस्टर लोकांच्या मुलींच्या हायस्कुलात शिकते आणि तिथल्याच बोर्डिंगात राहते. आता दहावीला आहे. नववीला ८४ टक्के पडले. जूनच्या शेवटी असेंब्लीत ब्लू हाऊसची कॅप्टन म्हणून तिचं नाव पुकारलं. पुढच्याच रविवारी भाऊ भेटायला गेले आणि मुलीला न विचारता सिस्टरना सांगून आले, की आमच्या पोरीला असल्या भानगडीत घालू नका, तिला डॉक्टर व्हायचंय. आठ दिवसांनी शपथविधी झाला आणि कॅप्टनचा पट्टा, म्हणजे सॅश, दुसऱ्या मुलीच्या खांद्यावर गेला. भाऊ लिहितात, "तेव्हापासून पोरगी धड बोलंना झालीय. सिस्टरांनी तिच्या डोक्यात काही भरवलं असेल का?"

सिस्टरांनी काही भरवलं नाही, भाऊ. तुम्ही काढून घेतलंत.

मी स्वतः अशाच एका शाळेत, अशाच बोर्डिंगात सहा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावते. ऑफिसच्या बाहेर एक फळा असायचा. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे रंगीत खडूंचे चार रकाने, रोज सकाळी गुण लिहिलेले. उशीर झाला, नखं वाढली, वेण्यांना रिबीन नाही, की गुण कापला. आणि कापला तो एकटीचा नाही, अख्ख्या हाऊसचा. पाचवीतली कुणीतरी रोज रिबीन विसरायचीच. आमची कॅप्टन म्हणून खिशात दोन जादा रिबिनी ठेवायची. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत ती रांगेत खाली वाकून तुमच्या वेणीला गाठ मारून पुढे सरकायची, आणि तोंडाने मात्र सगळ्या रांगेला दटावत राहायची. मी त्या विसरणाऱ्यांपैकी एक होते. तिचा दहावीचा निकाल काय लागला ते मला आठवत नाही. ती गाठ आठवते.

तुम्ही ज्याला भानगड म्हणता तो शपथविधी त्या मुलींसाठी काय असतो, तेही ऐका. मैदानात खुर्च्या, बँड, शाळेचा झेंडा. मुख्याध्यापिका सिस्टर एकेकीच्या खांद्यावर सॅश घालतात, बॅज लावतात, मुली हात पुढे करून शपथ घेतात. तुमची मुलगी त्या दिवशी रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. नाव आधी तिचं पुकारलं होतं, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. घरून येऊन-जाऊन करणारी मुलगी अशा दिवशी चारला दप्तर उचलते आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसते. बोर्डिंगातली कुठे जाणार? रात्री त्याच हॉलमध्ये चाळीस खाटांच्या मध्ये झोपायचं, आणि "तू नको का म्हणालीस गं?" असं कुणी विचारलं की सांगायचं, मी नाही, पप्पा नको म्हणाले.

"गॅदरिंग, स्पोर्ट्स, सिस्टरांचा फीस्ट, नाताळ धरून वर्षाला पंचवीस दिवस वाया जातात," हा तुमचा हिशेब. दुकानदाराचा हिशेब पक्का असतो, पण इथे जमेची बाजू लिहायची राहिली. त्याच बोर्डिंगात सकाळ-संध्याकाळ अभ्यासाची घंटा होते आणि घंटा झाली की सगळ्या मान खाली घालून बसतात, घरचे पाहुणे नाहीत, टीव्ही नाही, हातात मोबाईल नाही. पाच वर्षं ही सवय लागलेली मुलगी तुम्हाला आयती मिळाली आहे. कॅप्टनचं काम असतं असेंब्लीत, मधल्या सुट्टीत, आणि स्पोर्ट्सच्या आधी दोन-तीन आठवडे मार्च पास्टच्या सरावाला. 'दाहिने देख' झालं की सगळं पथक मान वळवतं, हाऊसचा झेंडा खाली झुकतो, आणि सॅल्यूट एकटी कॅप्टन करते. तेवढ्या सहा पावलांसाठी मुली वर्षभर झुरतात. नाताळची सुट्टी संपली की दहावीच्या मुलींना सिस्टर कशालाच हात लावू देत नाहीत. निकालाची काळजी त्यांनाही आहे.

आता तुमचे प्रश्न. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे नीटला, १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, आणि अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. दहावीत गणित आणि विज्ञान समजून केलं, तर तेच फाउंडेशन. वेगळी फी भरायची गरज नाही. बारावी करायला राज्याबाहेर, राजस्थानातल्या कोटा शहरी पाठवायचा विचार मात्र सोडा. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. लातूर-नांदेडला जायचंच असेल तर अकरावीला जाता येतं, ती गावं कुठे पळून चालली नाहीत. आणि १७ नंबरचा फॉर्म ज्यांची शाळा परिस्थितीने सुटली त्यांच्यासाठी आहे. पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीची शाळा बापाने सोडवावी म्हणून तो काढलेला नाही. हा विषय माझ्यापुरता संपला.

एका गैरसमजावर मात्र थांबायलाच हवं, कारण तुम्ही मुलीला अजून शाळेतून काढली नाहीत ती केवळ त्याच्याच जोरावर. तुम्ही लिहिता, "पाचवीला कॉन्व्हेंटला घातली ती पुढे ख्रिश्चन कॉलेजच्या कोट्यातून मेडिकलला नंबर लागावा म्हणून. आता काढली तर तो हक्क जाईल का?" भाऊ, जो हक्क कधी नव्हताच तो जाईल कसा? राज्यघटनेचं ३० वं कलम अल्पसंख्याक समाजाला आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा अधिकार देतं. त्या संस्थांमधल्या अल्पसंख्याक कोट्याच्या जागा त्या समाजाच्या मुलांच्या असतात. ख्रिश्चन कोट्याला कागद लागतो तो मूल ख्रिश्चन असल्याचा. दाखल्यावर शाळेचं नाव काय आहे, तिथे किती वर्षं प्रार्थनेला उभी राहिली, याला तिथे काडीची किंमत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजलाही नीटचेच गुण दाखवावे लागतात. शाळेमुळे मिळू शकणारी गोष्ट एकच, आणि तीही छोटी: त्याच संस्थेचं शाळेला जोडलेलं ज्युनिअर कॉलेज असेल तर अकरावीला १० टक्के इनहाऊस जागा. बाकी अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइनच झाले आहेत. आणि "आपल्या मराठवाड्याच्या सत्तर टक्के जागा तरी आहेतच" असंही तुम्ही लिहिलंय. आपापल्या विभागातल्या मुलांना सत्तर टक्के जागा देणारं ते सत्तर-तीसचं सूत्र २०२० मध्येच रद्द झालं. तुमच्या मोंढ्यात ही बातमी अजून पोचली नसेल तर पोचवा.

(आणि जाता जाता, कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर लोक राहतात ते घर. आपल्याकडे पत्र्याच्या शेडवर अमुकतमुक कॉन्व्हेंट अशी पाटी लागते आणि आत औषधालाही सिस्टर सापडत नाही. तुमची मुलगी खऱ्याखुऱ्या ठिकाणी आहे, एवढं तरी बरं.)

"सुट्टीत घरी आली की जेवणाआधी डोळे मिटते" याची तुम्हाला धास्ती वाटते. आपणही शाळेत डबा उघडण्याआधी श्लोक म्हणायचो, तेव्हा डोळे मिटायचोच. अशा शाळांतून कॅथलिक मुलींचा कॅटेकिझमचा, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाचा, तास वेगळा असतो आणि बाकीच्या मुली त्या वेळी मॉरल सायन्सला बसतात. पालकांच्या संमतीशिवाय सरकारमान्य शाळेत अल्पवयीन मुलीला धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही, हे घटनेच्या २८ व्या कलमातच आहे. आणि सिस्टर व्हायची भीती असेल तर मनमोकळं हसून घ्या. आधी बाप्तिस्मा हवा, मग नोव्हिशिएटला, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या उमेदवारीला, १७ वर्षं पूर्ण हवीत, मग किमान वर्षभराचं नोव्हिशिएट, मग काही वर्षं तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर कुठे कायमची. त्यामानाने एमबीबीएस लवकर उरकतं.

त्या सात ओळींतली एक ओळ मी तीनदा वाचली. "लहान पोरी तापल्या की सिस्टर हिलाच रात्री त्यांच्याजवळ बसवतात, घड्या बदलायला. ही पण नाही म्हणत नाही. आता म्हणते, नर्सिंग पण चांगलं असतं." हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय! ज्याला लेक डॉक्टर व्हायला हवी आहे, त्याने हे तक्रारीच्या रकान्यात टाकावं? नर्सिंगबद्दल नाक मुरडू नका. चार वर्षांची बी.एस्सी. आहे, राज्याची वेगळी सीईटी आहे, आणि ती मार्क कमी पडलेल्यांची रद्दी नाही. पण पंधराव्या वर्षी बोललेली गोष्ट म्हणजे काही निर्णय नव्हे, डॉक्टरची नाही आणि नर्सचीही नाही. तिला नक्की काय वाटतं ते तुमच्या अख्ख्या पत्रात तिच्या शब्दांत एवढंच आलंय, म्हणून मी ते धरून बसले.

आता काय करायचं? सॅश परत मागायला जाऊ नका. तो आता दुसऱ्या मुलीच्या खांद्यावर आहे, तिचा काय गुन्हा? सिस्टरना भेटा आणि एवढंच सांगा, की मी घाई केली, इथून पुढे हिला ज्यात भाग घ्यायचा त्यात घेऊ द्या, माझी हरकत नाही. स्पोर्ट्स व्हायचे आहेत, नाताळची कॅरल्स आहेत. निरोप समारंभाला दहावीच्या मुली पेटलेली मेणबत्ती नववीच्या मुलींच्या हातात देतात, अशी रीत आमच्याकडे होती. तुमच्याकडेही असेल तर त्या दिवशी तिला रांगेत उभं राहू द्या आणि तुम्ही दोघं बघायला जा.

मुलीची माफी मात्र वेगळी मागा, आणि सिस्टरांसमोर नको. मराठवाड्यातला बाप लेकीची माफी मागत नाही, मला माहीत आहे. माझ्याही वडिलांनी कधी मागितली नाही. ते फक्त एका रविवारी दुकान बंद ठेवून आले, संध्याकाळच्या घंटेपर्यंत चिंचेखाली बसले आणि मी बोलेपर्यंत काही बोलले नाहीत. तेवढं तुम्हालाही जमेल.

क्लासचं नाव मी आज देत नाही. ते विचारणारं पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या, मी सविस्तर उत्तर देईन. येत्या रविवारी वहिनींना सोबत न्या. धपाटे गरम आहेत तोवर पोचता येईल असं सकाळी लवकर निघा, आणि लातूरची माहितीपत्रकं दुकानातच राहू द्या.