मोबाईलने पोराला माझ्यावर उलटवलं का? कोपरखैरण्याच्या एका आईची केस

"मॅडम, एकटीने वाढवला मी त्याला, आणि आता तोच मला 'फेमिनिस्ट' म्हणतो, ते पण शिवी दिल्यासारखं."

गेल्या दोन-तीन वर्षांत अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आया माझ्याकडे खूप वाढल्यात. वाशीला समुपदेशनाची प्रॅक्टिस करते मी. आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, फोन काढून घेऊ का त्याचा? म्हणून ही केस लिहितेय. परवानगी घेतलीये, नावं बदललीत, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

स्वप्नाताई, वय ४३, बँकेत नोकरी, आठ वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि तेव्हापासून कोपरखैरण्याला आईकडे राहतात. मुलगा ओम बारावीत. एका रात्री जेवताना मैत्रिणीच्या घटस्फोटाचा विषय निघाला आणि ओम ताटावरून उठत बोलला, "तुम्हा बायकांचं बरंय, पोटगी घ्यायची, मुलं घेऊन जायची, वर फेमिनिझम." स्वप्नाताईंनी एक रुपया पोटगी घेतलेली नाही. त्या रात्री झोपल्याच नाहीत, दुसऱ्या दिवशी मला फोन.

ओमला मी एकट्याला भेटले. पहिली वीस मिनिटं नुसतं "हो", "नाही", "माहीत नाही". मग मी विचारलं की तुझ्या फोनवर काय काय येतं ते दाखवशील का, तर त्याने लगेच दाखवलं, मुलांना आवडतं कुणीतरी न ओरडता बघितलेलं. सुरुवात क्रिकेट आणि जिमच्या व्हिडिओंनी झालेली. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका इंजिनियरने बायकोवर आणि कोर्टकचेऱ्यांवर आरोप करत जीव दिला, तेव्हा त्यावरचे व्हिडिओ ओमने शेवटपर्यंत बघितले, काही दोनदा बघितले. बस. तुम्ही कुठे थांबलात, किती वेळ थांबलात, काय परत बघितलंत असल्या गोष्टी अ‍ॅप बघतं, ते खरं आहे की खोटं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आणि रागाचा व्हिडिओ माणसाला धरून ठेवतो म्हणून तसलेच आणखी येत राहतात. थोड्याच दिवसांत फीडवर दुसरं काही उरलं नाही.

पण एक सांगते, त्या व्हिडिओतलं सगळंच मी उडवून लावत नाही. पुरुषांचं दुखणं खरं असतं, माझ्यासमोर बसून रडलेत पुरुष. माझा आक्षेप त्या दुखण्याला जे रेडिमेड उत्तर चिकटवलं जातं त्याला आहे, की बाई म्हणजे शत्रू आणि स्त्रीवाद म्हणजे बाहेरून आलेलं फॅड. ओम मला तेच म्हणाला. मी त्याला सांगितलं की १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, यशवंत, स्वतःचा मुलगा म्हणून वाढवला, तो पुढे डॉक्टर झाला. हेही सांगितलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी नवराही मागू शकतो. यावर तो चमकला. "हे कुठल्याच व्हिडिओत नाही सांगत."

मग मी विचारलं, तुझे आईबाबा का वेगळे झाले?

गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, "माहीत नाही. मी नऊ वर्षांचा होतो. बाबा मला रविवारी सागर विहारला न्यायचे, खाडी बघायला. मग एक दिवस आम्ही बॅगा घेऊन आजीकडे आलो. मम्मी म्हणाली बाबा कामासाठी पुण्याला गेलेत."

हेच ते. घरात कुणी उत्तर दिलंच नाही, म्हणून पोराने जे समोर आलं ते घेतलं. मोबाईल नसता तर कुठल्यातरी काकाने सांगितलं असतं.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बोलावलं आणि दोघांचेही फोन टेबलावर ठेवायला लावले, प्रत्येकाची पहिली दहा रील्स सगळ्यांनी मिळून बघायची. ओमची आम्हाला माहीत होती. स्वप्नाताईंच्या फोनवर काय होतं? लग्न म्हणजे तुरुंग, पुरुषाची गरजच काय, एकटी आई वाघीण. त्या वाईट बाई नाहीत हो, रात्री अकराला भांडी आवरून दमलेल्या बाईला कुणी वाघीण म्हणालं तर बरं वाटणारच! पण ओमने स्वतःच्या फोनमधून एक स्क्रीनशॉट काढून आईसमोर धरला. मागच्या फादर्स डेचं तिचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस. 'मीच आई, मीच बाप.'

"तुला हे भारी वाटलं असेल मम्मी, मला वाटलं तू बाबांना खोडूनच टाकलंस."

ताई खूप रडल्या. मी थांबवलं नाही.

मग बाहेर आलं सगळं. बाबांची ऑनलाइन रमी, त्यातलं कर्ज, वसुलीवाले दारात, ताईंचे दागिने गेलेले. हे त्यांनी आठ वर्षं लपवलं, कारण मुलाच्या मनात बाप वाईट व्हायला नको. चांगल्या हेतूनेच, पण त्यामुळे ओमच्या हिशोबात दोषी कोण उरलं? ताईच.

फोन काढून घेऊ नका, असंच मी त्यांना सांगितलं. हिस्टरी साफ करा, 'नॉट इंटरेस्टेड' दाबा, थोडा फरक पडतो, पण मूळ प्रश्न तसाच राहिला तर फीड परत तिथेच जातं. मुलाला खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल असं. काय घडलं ते सांगा, बाप कसा माणूस आहे यावर निकाल देऊ नका, तो त्याचा त्याला ठरवू द्या. आणि स्वतःची रील्सही जरा तपासा.

लगेच गोडीगुलाबी झाली असं नाही. ओम आता वेगळ्याच गोष्टीवर चिडलाय, माझ्यापासून लपवलंच का. हा राग मात्र रीलमधून आलेला नाही, त्याचा स्वतःचा आहे, आणि त्याच्याशी बोलता येतं.

येत्या शनिवारी बाबा येतायत. फोनवर आधी नाही म्हणाले, दोन दिवसांनी स्वतःहून हो म्हणाले. ओमने मला मेसेज करून ठेवलाय, मॅडम, पहिला प्रश्न मी विचारणार.