वाचकांचे प्रश्न : कडकपणाचा आकडा का हलतो?

प्रश्न : हार्डनिंग करून आलेल्या एकाच पिनवर रॉकवेल सी स्केलवर तीन ठसे घेतले. ५४, ५८ आणि ६१ असे आकडे आले. हीट ट्रीटमेंट बिघडली असे समजावे का?

इतक्यात नको. आधी मोजणी तपासा, भट्टीकडे नंतर वळा. रॉकवेल सी मध्ये डायमंडच्या शंकूवर आधी १० किलोचा भार येतो, मग एकूण १५०, आणि पुन्हा १० वर आल्यावर खोलीत किती फरक राहिला ते यंत्र दाखवते. त्या फरकातल्या दर ०.००२ मिमीला एक पॉइंट कमी होतो. म्हणजे ६० आकडा आला तर ठसा ०.०८ मिमी खोल. भार चढताना जॉब, म्हणजे मोजायचा तुकडा, खाली ०.०१ मिमी जरी बसला, तरी पाच पॉइंट गेले! ॲन्व्हिलवरची (जॉब ठेवायच्या बैठकीवरची) धूळ, जॉबच्या तळाची बर (कडेला उरलेला धातूचा धारदार काठ), क्वेंचिंगनंतर (तापलेला जॉब झटकन गार केल्यावर) राहिलेली काळी खपली, तेलाचा थर यांतले काहीही तेवढ्याला पुरते.

म्हणून जॉबच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने साफ करा आणि ॲन्व्हिल कोरड्या फडक्याने पुसा. पिन गोल असेल तर व्ही आकाराच्या खाचेचा ॲन्व्हिलच हवा; लांब पिनचे मोकळे टोक आधाराशिवाय लोंबकळू देऊ नका. डायमंड किंवा ॲन्व्हिल बदलला असेल तर पहिले दोन ठसे सोडून द्या, कारण तोवर तो जागेवर बसत असतो. मग जॉबच्या अपेक्षित आकड्याजवळच्या टेस्ट ब्लॉकवर (कडकपणा आधीच ठरवलेल्या ठोकळ्यावर) ठसे घ्या. ब्लॉक त्याच्यावर छापलेल्या मर्यादेत बसला, तर यंत्र निर्दोष धरून जॉबकडे बघा. ब्लॉकची एकच बाजू वापरायची असते. उलटून ठसे घेतले की तो बाद.

खाली बसण्याच्या चुका आकडा खाली आणतात. ठसा कडेला फार जवळ घेतला तरी आकडा पडतो, म्हणून कडेपासून ठशाच्या व्यासाच्या अडीचपट आत राहा. उलट जुन्या ठशाभोवतीचा धातू दबून कडक झालेला असतो. तिथे आकडा वर जातो. दोन ठशांच्या मध्यांत तीन व्यास अंतर ठेवा. झिजलेला डायमंडही कमी खोल जातो आणि आकडा फुगवतो. त्याचे टोक १० पटीच्या भिंगाखाली बघण्याची सवय फार मोलाची आहे. शिवाय बहिर्गोल पृष्ठभागावर आकडा मुळातच कमी येतो. पिनच्या व्यासानुसार मानकातल्या तक्त्यातली वाढ त्यात मिळवावी लागते.

प्रश्न : कार्बुरायझिंग केलेल्या (कातडीत कार्बन मुरवून ती कडक केलेल्या) जॉबवर कडक थर ०.४ मिमीचा आहे. हीट ट्रीटमेंटवाले ६० सांगतात, आम्हाला रॉकवेल सी वर ५२ मिळतात. खरे कोणाचे?

बहुधा त्यांनी हलक्या भाराने मोजून आकडा सी मध्ये बदलला असेल. तुमच्या १५० किलोखाली पातळ थराखालचा मऊ गाभा दबतो. डायमंडच्या ठशाखाली थर निदान ठशाच्या खोलीच्या दहापट जाड हवा. ६० एचआरसीला (रॉकवेल सीच्या ६० ला) तो ०.८ मिमी होतो. तुमच्याकडे त्याच्या निम्माच आहे, तेव्हा तुमचे ५२ थराचे नाहीत.

अशा थराला रॉकवेलचेच हलक्या भाराचे १५एन स्केल वापरा. त्यात सुरुवातीचा भार ३ किलो, एकूण १५, आणि एक पॉइंट म्हणजे ०.००१ मिमी. ६० एचआरसी तिथे सुमारे ९० वाचते, म्हणजे ठसा जेमतेम ०.०१ मिमी खोल.

थराची खोली मोजायची तर जॉब कापावाच लागतो. कापताना भरपूर कूलंट सोडा. काप निळा पडला तर तिथला कडकपणा गेलाच. तुकडा रेझिनमध्ये बसवून, कड गोल न होऊ देता पॉलिश करा आणि १ किलोच्या व्हिकर्सने (डायमंडच्या पिरॅमिडचा ठसा घेऊन त्याचा कर्ण मोजायची पद्धत) कडेपासून आत ठसे घेत जा. कडकपणा ५५० एचव्हीवर (व्हिकर्सच्या आकड्यावर) उतरतो तिथवरची खोली ती थराची परिणामी खोली. ७०० एचव्हीला ठशाचा कर्ण ०.०५ मिमीच्या आसपास असतो, म्हणून ठसे एकमेकांच्या फार जवळ येऊ नयेत यासाठी एका ओळीत न घेता नागमोडी घ्या.

प्रश्न : पूर्ण हार्डन केलेल्या जॉबवर कानस चालते, म्हणजे तो वरून मऊ आहे, पण दुसऱ्या जागी तो फुटला तेव्हा आतून कडक निघाला. असे का?

वरच्या कातडीतला कार्बन भट्टीत जळाला असणार. गार ठेवून ०.१ मिमी ग्राइंड करा, मोजा, पुन्हा ग्राइंड करा. आकडा चढत गेला तर नक्की तेच. पुढच्या वेळी ग्राइंडिंगची सूट वाढवा किंवा भट्टीतले वातावरण सुधारा.

आकडा चढलाच नाही, तर पुढच्या खेपेला टेम्परिंगच्या (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा कमी तापमानाला तापवण्याच्या) आधी मोजा. तेव्हाच कमी असेल तर दोष तापमानाचा किंवा क्वेंचिंगचा. तेव्हा बरोबर असेल तर टेम्परिंग जास्त झाले. जास्त कार्बनचे स्टील अति तापवले तरी मऊ राहते, कारण न बदललेला ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची मऊ रचना) शिल्लक उरतो. तिथे तापमान आणखी वाढवणे म्हणजे दुखणे वाढवणे. आणि ०.४ टक्के कार्बनच्या स्टीलकडून ६५ मागू नका. पूर्ण मार्टेन्साइट (क्वेंचिंगने होणारी कडक रचना) झाले तरी ते ५५ ते ५८ च देणार.

प्रश्न : ब्रिनेलचा (गोळी दाबून मोजलेल्या कडकपणाचा, एचबी) आकडा रॉकवेलमध्ये बदलून रिपोर्टवर लिहिला तर चालेल का?

साध्या व मिश्र स्टीलला अंदाजापुरता चालेल. ३०० एचबी म्हणजे साधारण ३२ एचआरसी. ऑस्टेनिटिक स्टेनलेसला तोच तक्ता लावू नका. आकडा बदललेला असेल तर मूळ आकडा, स्केल आणि भार शेजारी लिहाच.