ओळखनाव 'अवैध' की 'बाद'?

प्रश्न असा आहे: पासवर्ड हॅश करणाऱ्या (म्हणजे पासवर्डापासून मूळ परत न मिळणारी अक्षरांची ओळ काढणाऱ्या) एका लायब्ररीची, म्हणजे इतर प्रोग्रामनी वापरायच्या तयार कोडची, माहिती आणि चुकांचे संदेश मराठीत आणायचे आहेत. 'व्हॅलिडेट' आणि 'व्हेरिफाय' ही क्रियापदे त्यात पानोपानी येतात. पहिल्या मसुद्यात दोन्हींना 'प्रमाणित करणे' लावले, तर वाचणाऱ्याला काहीच कळेना. मग 'आयडेंटिफायर व्हॅलिडेट करणे' याला काय म्हणावे? वैध, मान्य, प्रमाणित, पडताळणी, की आणखी काही?

'प्रमाणित' आधी बाजूला काढू. त्या शब्दाच्या डोक्यावर तीन ओझी आहेतच: प्रमाणभाषेतले प्रमाण, प्रमाणपत्रातले प्रमाण, आणि लॉगिनच्या वेळी माणसाची ओळख पटवणे, म्हणजे हल्लीचे 'प्रमाणीकरण'. चौथे कशाला?

आता मूळ गोष्ट काय आहे ते पाहू, कारण शब्द तिथूनच सापडतो. पासवर्डाचा हॅश नुसता साठवत नाहीत. तो कोणत्या पद्धतीने काढला हे त्याच्या आधी लिहून ठेवतात. डॉलरचे चिन्ह, मग पद्धतीचे नाव (समजा आर्गॉन-टू-आयडी), पुन्हा डॉलर, आवृत्ती १९, पुन्हा डॉलर, मेमरी किती आणि फेऱ्या किती हे आकडे, मग सॉल्ट (हॅश काढताना पासवर्डात मिसळलेली, कशीही निवडलेली अक्षरे), शेवटी हॅश. या मांडणीला पीएचसी म्हणतात. गावाकडच्या माणसाला पीएचसी म्हटले की प्राथमिक आरोग्य केंद्र आठवते, पण इथे हे नाव २०१३ ते २०१५ या काळात झालेल्या पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेवरून (पासवर्ड हॅशिंग कॉम्पिटिशन) आले. २४ प्रवेशिका आल्या, आर्गॉन-टू जिंकला.

पद्धतीचे हे नाव म्हणजेच आयडेंटिफायर, त्याला आपण 'ओळखनाव' म्हणू. त्यात रोमन लहान अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते, तेही ३२ चिन्हांपर्यंत. नावातच डॉलर आला तर नाव कुठे संपले आणि आवृत्ती कुठे सुरू झाली हे ठरवणार कसे? लायब्ररी 'व्हॅलिडेट' करते ते इतकेच. असली पद्धत जगात आहे का, पासवर्ड बरोबर आहे का, यातले काहीही ती या टप्प्यावर विचारत नाही.

अशी तपासणी आपण दर निवडणुकीत पाहतो. उमेदवारी अर्जांची छाननी होते: सही आहे का, प्रतिज्ञापत्र जोडले का, अनामत भरली का. संध्याकाळी बातमी येते, अमुक अर्ज 'वैध ठरले'. ती माणसे निवडून येतील की अनामत गमावतील, हा छाननीचा विषयच नव्हे. 'वैध' म्हणजे विधीला धरून असलेले. आपल्याला हवा तो अर्थ नेमका हाच, म्हणून 'ओळखनाव वैध आहे का ते तपासणे' असे सरळ लिहावे. 'वैधीकरण' नको. त्यातून मुळात वैध नसलेले काहीतरी वैध करून घेतल्याचा वास येतो, अनधिकृत बांधकाम नियमित करतात तसा.

'पडताळणे' व्हेरिफायसाठी राखून ठेवा. पडताळायला दोन गोष्टी लागतात, एक दुसरीशी लावून पाहायची. दिलेला पासवर्ड साठवलेल्या हॅशशी जुळतो का, ही खरी पडताळणी. इथे कोणी म्हणेल, जात पडताळणी समिती तर 'वैधता प्रमाणपत्र' देते, मग दोन्ही एकच नाहीत का? नाहीत. समिती दावा जुन्या नोंदींशी लावून पाहते, ती पडताळणी. त्यातून जो निकाल निघतो ती वैधता. लायब्ररीत क्रम उलटा आहे, आधी नावाची वैधता आणि नंतर पासवर्डाची पडताळणी, एवढाच फरक. 'खातरजमा'ही सुचवली जाते. खातिर म्हणजे मन, ते जमा झाले म्हणजे माणूस निश्चिंत झाला. प्रोग्रामची खातर कसली जमा होणार!

'मान्य' मात्र फेकू नका, त्याला वेगळे काम आहे. समजा कोणी 'आर्गॉन-नाइन' असे नाव दिले. अक्षरे ठीक, लांबी ठीक, म्हणजे नाव वैध. पण अशी पद्धत लायब्ररीकडे नाहीच, म्हणून ते मान्य नाही. मान्य व्हायला मान्य करणारा लागतो. वैध व्हायला नियम पुरतो.

खरी अडचण नकारात येते. 'वैध' जितका सोज्वळ, 'अवैध' तितकाच बदनाम. अवैध वाळूउपसा, अवैध दारू, अवैध धंदे. 'अवैध ओळखनाव' असा संदेश पडद्यावर आला की छापा पडल्यासारखे वाटते. मी 'बाद' घेईन. बाद मत, बाद अर्ज, लहान शब्द, आणि दोष माणसावर जात नाही. 'ओळखनाव बाद: मोठे अक्षर चालत नाही.' पुढच्या टप्प्यावर 'ही पद्धत उपलब्ध नाही' आणि शेवटी 'पासवर्ड जुळला नाही'. तीन वेगळ्या चुका, तीन वेगळी वाक्ये.

आता 'आयडेंटिफायर'. कोशातला 'अभिज्ञापक' चुकीचा नाही. दुष्यंताची अंगठी हे अभिज्ञान, ओळख पटवणारी खूण. पण चुकीच्या संदेशात तो शब्द दिसला तर वाचणारा आधी त्याचाच अर्थ शोधत बसेल. इथली खूण हे एक नावच आहे, म्हणून 'ओळखनाव'. त्यातल्या एकेका अक्षराला किती वजन असते पाहा: २०११ मध्ये बीक्रिप्ट या हॅश काढण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या एका प्रचलित आवृत्तीत, साध्या इंग्रजीपलीकडच्या, म्हणजे आठवा बिट वापरणाऱ्या अक्षरांच्या हाताळणीत चूक सापडली (यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या रीतीतली सगळी देवनागरी त्यात आली). तेव्हा चुकीच्या रीतीने काढलेल्या हॅशना 'टू-एक्स' आणि दुरुस्त रीतीच्या हॅशना 'टू-वाय' अशी वेगळी ओळखनावे द्यावी लागली. देवनागरीची आणखी एक गंमत म्हणजे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'अंक आहे का' असे नुसते विचारले तर देवनागरी '२'लाही 'हो' असेच उत्तर येते. तेवढ्यावर विसंबून नाव तपासणारा प्रोग्राम आपला '२' असलेले ओळखनाव बिनधास्त वैध ठरवील.

राहिला 'स्ट्रिंग', म्हणजे प्रोग्रामच्या भाषेत अक्षरांची सलग ओळ, जशी वरची डॉलरांनी तोडलेली ओळ. कोणी त्याला 'अक्षरमाला' करतात, पण ती शाळेच्या भिंतीवर 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत लावलेली असते. स्ट्रिंग स्ट्रिंगच राहू द्या.