पुराच्या दिवसांत स्थानिक वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील एकाच बातमीतले आकडे दिवसभर का बदलतात?

बहुतेक स्थानिक वृत्तपत्रे ताज्या घटनेची दर वेळी नवी बातमी न करता पहिल्याच बातमीत भर घालत राहतात, आणि लिंक तीच राहत असल्याने सकाळचा आकडा दुपारी बदललेला दिसतो. जिल्हा दैनिकाच्या वेब डेस्कवरील अनुभवातून हे सांगत आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे; पाणी ३९ फुटांकडे सरकू लागले की ‘पहाटे ५ वाजता ३८ फूट ७ इंच’ अशी दोन ओळींची बातमी आधी लावली जाते आणि आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून नवी नोंद येईल तसा वरचा आकडा बदलून खाली बंद रस्ते, पाण्याखाली गेलेले बंधारे आणि बातमीदाराने पाठवलेली छायाचित्रे जोडली जातात. पाण्याच्या पातळीचा आकडा असा झटपट संकेतस्थळावर टाकता येतो. मृतांची संख्या मात्र पोलिसांच्या किंवा प्रशासनाच्या दुजोऱ्याशिवाय देऊ नये, त्यासाठी अर्धा तास मागे पडावे लागले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात, प्रत्येक बदल ही नवी माहितीच असते असे नाही. काही वेळा मूळ चूकच गुपचूप दुरुस्त केलेली असते आणि तशी नोंद बातमीखाली दिली जात नाही, ही वाचकावर अन्याय करणारी पद्धत आहे. त्यामुळे आकडा पुढे पाठवण्यापूर्वी शीर्षकाखालील ‘अद्ययावत’ ही वेळ पाहावी, कारण ‘प्रकाशित’ ही वेळ पहिल्या दोन ओळींची असते.