गेटसमोरचा रॅम्प

प्रश्न : लातूरला आमचं स्वतःचं घर आहे. मागच्या वर्षी समोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि नालीवर स्लॅब टाकून पेव्हर ब्लॉकचा फूटपाथ केला. तो रस्त्यापासून चांगला ९ इंच उंच आहे. गाडी आत घेता येईना, म्हणून मिस्त्रीकडून रस्त्यावर दोन फूट येणारा सिमेंटचा रॅम्प करून घेतला. पावसात त्याच्या कडेला पाणी तुंबलं, शेजाऱ्यांची स्कूटी घसरली आणि त्यांनी तक्रार केली. आता महापालिकेची नोटीस आली आहे : सात दिवसांत रॅम्प काढा. गल्लीत सगळ्यांचेच रॅम्प आहेत, मग मलाच का? आणि गाडी घरात न्यायचीच नाही का?

उत्तर : गाडी न्यायची. ज्याचं घर रस्त्याला लागून आहे त्याला रस्त्यावर ये-जा करण्याचा हक्क असतो आणि नव्या कामाने तो बंद झाला तर महापालिकेला जाब विचारता येतो. पण हा हक्क ये-जा करण्याचा आहे, बांधण्याचा नाही. तुमचं गेट संपलं तिथं तुमची मालकी संपली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम २२९ परवानगीशिवाय रस्त्यावर किंवा नालीवर भिंत, कुंपण, खांब, अगदी पायरीसुद्धा करू देत नाही. तुमचा रॅम्प तर थेट सिमेंटच्या वाहत्या रस्त्यावर आलाय.

‘सगळ्यांचेच आहेत’ हा मुद्दा सोडून द्या. दुसऱ्याचं बेकायदा बांधकाम उभं आहे म्हणून माझंही राहू द्या, हे कुठलंही न्यायालय ऐकत नाही. एका अशिलाच्या हट्टापायी मी तो एकदा मांडला होता. न्यायाधीशांनी कागदावरून मान वर केली नाही.

नोटीस आली हे एका अर्थी बरंच झालं. कलम २३१ खाली अशी अडचण नोटिशीविनाही काढता येते. मुंबईच्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली, फूटपाथवर राहणाऱ्यांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात म्हटलं की, सर्वसाधारणपणे आधी म्हणणं ऐकून घ्यायला हवं. तुमचं म्हणणं मांडायला हे सात दिवस आहेत. ते वाया घालवू नका.

लेखी उत्तरात रॅम्प स्वतः काढतो असं लिहा आणि त्याच अर्जात गेटसमोरचा कर्बस्टोन, म्हणजे फूटपाथच्या कडेचा दगड, उतरवून द्यायची मागणी करा. हा फरक समजून घ्या. तुम्ही रस्त्यावर सिमेंट वाढवलंत. करायला हवं होतं ते फूटपाथची कड खाली घेणं. वाढवलेलं सिमेंट पाणी अडवतं, उतरवलेली कड अडवत नाही.

आता त्या ९ इंचांकडे येऊ, कारण तुमची खरी ताकद तिथं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण ६ इंचांपेक्षा जास्त नसावी असं आहे. टेप लावून फोटो काढा आणि अर्जाला जोडा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १२ ला १ धरतात, म्हणजे १ इंच उतरायला १२ इंच लांबी. त्या हिशेबाने ९ इंच उतरायला ९ फूट लागतात. एवढी जागा गल्लीत कुणाकडे आहे? म्हणून उंची कमी करण्याची मागणी तुमच्या एकट्याच्या सोयीची उरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानणारा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ चा आदेश, दोन्हींचा उल्लेख करा. मात्र हे शस्त्र दुधारी आहे : गाडीसाठी उतार फक्त रस्त्याकडच्या कडेला मागा. चालायची पट्टी सपाटच राहायला हवी.

सोबत मालकीचा कागद, मालमत्ता कराची पावती आणि मंजूर नकाशा जोडा. नकाशात गेट आणि पार्किंग दाखवलेलं असेल तर उत्तम. अर्ज आवक-जावक विभागात द्या, पोच घ्या. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ याला पुरावा म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना सुचत नाही. माहिती अधिकारात या कामाचं अंदाजपत्रक, मंजूर आराखडा आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घरांसमोरचे उतार अंदाजपत्रकात असूनही केले नसतील, तर काम अपुरं आहे आणि ते पुरं करून घेणं महापालिकेचं काम आहे. अंदाजपत्रकात नसतील, तर तुमच्या खर्चाने उतार करून घेण्याची तयारी महापालिकेला लेखी कळवा. रस्ता महापालिकेचा आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की महामार्गाचा, हेही माहिती अधिकाराच्या अर्जात विचारा. रस्ता महामार्गाचा निघाला तर परवानगी देणारं कार्यालयच बदलतं.

परवानगी हातात येईपर्यंत मिस्त्रीला कर्बस्टोनला हात लावू देऊ नका. आज तुमच्यावर अडथळ्याचा आरोप आहे, उद्या सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा येईल. रॅम्प मात्र सात दिवसांची वाट न बघता काढा. पुन्हा कुणी घसरलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कुणाचं हाड मोडलं तर भरपाईचा दावा वेगळा. काढण्याआधीचे आणि काढल्यानंतरचे फोटो ठेवा, आणि त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांकडे चहाला जाऊन या.