शेजारी स्वीडनचे, सोसायटी पुण्याची

दापोडी, चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात सँडविक, अल्फा लावल, अ‍ॅटलस कॉप्को, एसकेएफ, टेट्रा पॅक अशा मुळात स्वीडिश असलेल्या कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर पुण्यात येणारी स्वीडिश कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. तसा स्वीडनशी आपला संबंध जुनाच, कारण १९२३ साली स्थापन झालेल्या ज्या विमको कंपनीच्या काड्यापेट्या आपल्या आजीच्या देवघरात असायच्या, तीही सुरुवातीला स्वीडिश मालकीचीच होती. मी काही वर्षे गोथेनबर्गला राहिले आणि परतल्यापासून अशा कुटुंबांना पुण्यात रुळायला मदत करण्याचे काम करते आहे. या वेळचे बहुतेक प्रश्न मात्र त्यांच्याकडून न येता त्यांच्या मराठी शेजाऱ्यांकडून आले आहेत.

प्रश्न : आमच्या मजल्यावर एक स्वीडिश कुटुंब राहते. माझी आठ वर्षांची मुलगी त्यांच्या मुलीकडे खेळायला जाते. परवा साडेपाचला त्यांची जेवणाची वेळ झाली, तेव्हा माझ्या मुलीला खोलीतच खेळत बसायला सांगून घरातली सगळी मंडळी जेवून आली. मुलगी घरी येऊन विचारते, ‘आई, माझं काही चुकलं का?’ तिला पुन्हा पाठवावे का? (बाणेर)

उत्तर : तुमच्या मुलीचे काहीही चुकलेले नाही, आणि त्या कुटुंबाने तिचा अपमान केला असेही नाही. दारात आलेल्या पोराला ताटावर न बसवणे आपल्याकडे जितके अशोभनीय, तितकेच दुसऱ्याच्या पोराला न विचारता जेवू घालणे हे तिथल्या जुन्या वळणाच्या माणसाला आगाऊपणाचे वाटते. २०२२ च्या मे महिन्यात याच सवयीवरून समाजमाध्यमांवर जगभर गदारोळ झाला होता. तेव्हा अनेक स्वीडिश लोकांनी ‘होय, लहानपणी मीही मैत्रिणीच्या खोलीत असाच बसून राहिलो आहे’ असे कबूल केले, तर अनेकांनी ‘आमच्या घरी असे कधीच नव्हते’ असे सांगितले. म्हणजे ही रीत सार्वत्रिक नाही आणि दिवसेंदिवस ती कमीही होत चालली आहे.

तिच्यामागची कारणे मात्र समजून घेण्यासारखी आहेत. तिथे रात्रीचे जेवण पाच-साडेपाच ते सहाच्या सुमारास होते आणि ते माणशी मोजून रांधलेले असते. गोथेनबर्गला पहिल्याच वर्षी एका सहकारिणीच्या घरी मी अवेळी टपकले, तेव्हा शेगडीवरच्या पातेल्यात घरातल्या चार माणसांसाठी मोजून आठ बटाटे उकळत होते. तिच्या चेहऱ्यावर जी ओशाळलेली कळा आली, ती मला बटाट्यांकडे पाहिल्यावर उमगली. दुसरे असे की, त्या मुलीच्या घरी तिची आई जेवणासाठी वाट पाहत असेल, आपण तिचे पोट भरून त्या आईच्या स्वयंपाकावर पाणी का फिरवावे, असा विचार त्यामागे असतो. आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत खोलवरचे कारण म्हणजे दुसऱ्याला आपल्या मिंधेपणात टाकू नये आणि आपणही कुणाचे मिंधे राहू नये, ही लहानपणापासून अंगी भिनलेली शिकवण. आपला संकोच ‘नको नको’ म्हणत ताटावर बसतो, त्यांचा संकोच समोरच्याला ताटावर बोलावतच नाही.

तेव्हा मुलीला जरूर पाठवा, पण जाताना शेजारणीला स्पष्ट शब्दांत सांगा : ‘ही तुमच्याकडे जेवली तरी आम्हाला आनंदच आहे,’ किंवा ‘सव्वापाचला तिला घरी पाठवा.’ दोहोंपैकी काहीही सांगितले तरी त्या बाईंचा जीव भांड्यात पडेल. त्यांची मुलगी तुमच्याकडे असेल तेव्हा ‘एवढा एक घास’ असा आग्रह करण्याआधी तिच्या आईला एक निरोप टाका.

प्रश्न : दिवाळीत आम्ही खालच्या स्वीडिश बिऱ्हाडाला फराळाचा डबा दिला. चार दिवसांनी डबा घासूनपुसून परत आला, पण रिकामा. आत नुसती एक चिठ्ठी. सासूबाईंना ते फार लागले. शिवाय त्यांच्या मुलांना दिलेली चॉकलेटे त्यांच्या आईने आमच्यादेखत कपाटात ठेवून दिली. (कोथरूड)

उत्तर : दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, निदान त्यात चिमूटभर साखर तरी घालावी, हा संकेत त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांच्या दृष्टीने आतली ती चिठ्ठी हाच भरलेला डबा होता. ती टाकून दिली नसेल तर सासूबाईंना वाचून दाखवा. स्वीडिश माणूस आभाराच्या बाबतीत काटेकोर असतो. एकदा पाहुणचार झाला की पुढच्या भेटीत, मग ती महिन्याभराने का होईना, पहिले वाक्य ‘ताक फोर सेनास्त’, म्हणजे ‘मागच्या भेटीबद्दल आभार’, हेच असते. (यातल्या ‘ताक’चा आपल्या ताकाशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ ‘आभार’ एवढाच.)

चॉकलेटांचे कारण निराळेच आहे. स्वीडनमधली मुले गोड खाऊ बहुधा शनिवारीच खातात आणि त्याला ‘शनिवारचा खाऊ’ असेच नाव आहे. या रिवाजाच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती तितकी गोड नाही. १९४० च्या दशकात लुंड शहरातल्या विपेहोल्म या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून दात कसे किडतात याचा अभ्यास करण्यात आला. त्या माणसांच्या संमतीचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, रोज थोडे थोडे गोड खाण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच खाल्लेले दातांना कमी अपायकारक. पुढे तोच सल्ला घरोघरी पोहोचला. तुमची चॉकलेटे शनिवारची वाट पाहत आहेत, एवढाच त्या कपाटाचा अर्थ.

फराळाबद्दल एक सुचवते. चिवड्यातली मिरची काढा, पण वेलदोडा आणि केशर यांबाबत हात आखडू नका. स्वीडनच्या गोड पावांना वेलदोड्याचाच वास असतो आणि १३ डिसेंबरच्या लुसिया सणाला केशर घातलेले पिवळे पाव घरोघरी भाजतात, त्यामुळे श्रीखंडाचा पहिला चमचा त्यांना परका वाटत नाही. शंकरपाळे तर हमखास द्या. नाताळात ‘क्लेनेतर’ नावाचा चौकटीच्या आकाराचा, मध्ये चीर देऊन पीळ घातलेला तळणीचा पदार्थ तिकडे, विशेषतः दक्षिणेत, होतो. एका आजीबाईंनी माझ्याकडचा शंकरपाळा हातात घेऊन ‘याला पीळ घालायला विसरलात,’ असे मला अगदी गंभीरपणे सांगितले होते.

प्रश्न : मी बहात्तर वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक आहे. सोसायटीतला सहा वर्षांचा स्वीडिश मुलगा मला सरळ नावाने हाक मारतो आणि त्याचे आईवडील हसतात. मुलाला वळण लावायला मी काही सांगितले तर चालेल का? (चिंचवड)

उत्तर : तो मुलगा शाळेत आपल्या मुख्याध्यापकांनाही नावानेच हाक मारत असणार. स्वीडिश भाषेत एके काळी माणसाला हुद्द्याने किंवा आडनावाने संबोधण्याचे मोठे अवडंबर होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते जवळपास संपले. १९६७ साली तिथल्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी रुजू होताना ‘मी सर्वांना एकेरीत बोलावणार’ असे जाहीर केले, तो प्रसंग या बदलाची खूण म्हणून आजही सांगितला जातो. तेव्हा नावाने हाक मारण्यात अनादर नाही, उलट आपण तुमच्या ओळखीचे आहोत असे तो मुलगा सांगतो आहे.

तरीही तुम्ही त्याला ‘मला आजोबा म्हण’ असे अवश्य सांगा. आणि ‘अंकल’ मात्र नको, कारण नात्यांच्या बाबतीत स्वीडिश भाषा इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळची आहे. मावशी ती ‘मुस्तेर’ आणि आत्या ती ‘फास्तेर’, मामा वेगळा आणि काका वेगळा. एका पायरीवर तर ते आपल्याही पुढे आहेत : आईच्या आईला ‘मुरमुर’, वडिलांच्या वडिलांना ‘फारफार’. तुम्ही त्याचे मुरफार की फारफार, हे त्यालाच ठरवू द्या. पुढच्या पंधरा मिनिटांची करमणूक निश्चित.

वळण लावण्याविषयी मात्र एक गोष्ट गांभीर्याने घ्या. मुलांना मारण्यावर, अगदी पालकांनाही, कायद्याने बंदी घालणारा जगातला पहिला देश म्हणजे स्वीडन, आणि ते वर्ष होते १९७९. आपल्याकडे सहज, मायेने धरला जाणारा कान त्या आईवडिलांना सहन होणार नाही.

प्रश्न : समोरच्या स्वीडिश घरातला पुरुष दिवसभर घरी असतो, बाळाला फिरवतो, भाजी आणतो. त्याची नोकरी गेली आहे का? विचारलेले बरे दिसेल का? (औंध)

उत्तर : नोकरी गेलेली नाही. बदली बहुधा पत्नीची झालेली आहे आणि तो तिच्यासोबत आला आहे. सोबत आलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर इथे नोकरी करता येत नाही. स्वीडनने १९७४ मध्ये आईच्या जोडीला बापालाही पगारी बालसंगोपन रजा खुली केली. आज एका मुलामागे दोघांना मिळून ४८० दिवस मिळतात आणि त्यांतले ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात, ते जोडीदाराच्या नावावर करता येत नाहीत. बाळाला पोटाशी बांधून मंडईत निघालेला बाप तिकडे कुणाच्या नजरेतही भरत नाही. विचारायचेच असेल तर बाळाचे नाव विचारा.

प्रश्न : माझा फ्लॅट प्रथमच स्वीडिश कुटुंबाला भाड्याने देतो आहे. काय काळजी घ्यावी? (वाकड)

उत्तर : परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. भाडेकरार वेळेत झाला तरी हे काम मागे राहते. भाडेकरूंचा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर त्यांनाही १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते. उन्हाळ्यात ते महिनाभर घर बंद करून गेले तर घाबरू नका. जून ते ऑगस्टच्या दरम्यान सलग चार आठवडे सुट्टी मिळणे हा स्वीडनमध्ये कायद्याने दिलेला हक्क आहे आणि परदेशी आले तरी ती सवय सुटत नाही. इथे तेव्हा पाऊस असतो, म्हणून निघण्यापूर्वी गॅलरीची जाळी आणि भिंतींची ओल यांचे बोलून घ्या.

प्रश्न : चाकणच्या आमच्या कंपनीतले एक स्वीडिश कुटुंब आणि आम्ही मिळून पावसाळ्यात सहलीला जायचे म्हणतो. त्यांचे बाळ दहा महिन्यांचे, मोठा मुलगा पाच वर्षांचा. ते म्हणतात सिंहगड आणि नंतर कास. घरची मंडळी म्हणतात, एवढ्याशा बाळाला पावसात कुठे नेता? कोणाचे ऐकावे? (मोशी)

उत्तर : पावसाच्या बाबतीत त्यांचे ऐका आणि बाकी सर्व बाबतींत तुमच्या घरच्यांचे. तिकडे बाळे थंडीतही बाबागाडीत, उघड्यावर, अंगणात झोपवतात. हवामान कधीच वाईट नसते, कपडे तेवढे वाईट असतात, अशी त्यांची म्हणच आहे. गडबड होते ती कपड्यांतच. पाच वर्षांच्या मुलाला ते जाड रबरी विजार आणि आत लोकरीचे काहीतरी घालून आणतील आणि आपल्या दमट हवेत ते पोर आतून उकडून निघेल. पातळ सुती कपडे, वर हलका रेनकोट आणि दोन जोड कोरडे कपडे पिशवीत, हे आधीच सांगून टाका.

धोका असतो तो दरडीचा, शेवाळलेल्या कातळाचा आणि अचानक फुगणाऱ्या ओढ्याचा, आणि त्याची त्यांना कल्पना नसते. धबधब्याखाली बसायचा आग्रह झाला तर संकोच न करता नाही म्हणा. जळवांची भीती घालायची गरज नाही, कारण उन्हाळ्यात रानातून घरी आल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड शोधण्याची सवय त्यांना असतेच. डासांचे मात्र बजावून सांगा.

सिंहगड रविवारी नको. घाटरस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगेतच सकाळ संपते. कामाच्या दिवशी रजा टाकून सकाळी सहाला निघा आणि घाटात दरड नाही याची आदल्या दिवशी खात्री करा. आतकरवाडीची पायवाट बाळासह पावसात नको. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही यांच्यापुढे त्यांचा डब्यातला पाव आपोआप मागे पडतो, पण दहाच्या सुमारास थर्मासमधली कॉफी काढून बसण्याची त्यांची वेळ पाळा, ती त्यांच्यासाठी आरतीइतकीच ठरलेली असते.

कासला सप्टेंबरमध्ये, नोंदणी करूनच जा. जाण्याआधी एक बोलणे आवश्यक आहे. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानातून चालण्याचा, रात्रभर तंबू ठोकण्याचा, रानबेरी आणि अळंबी खुडण्याचा हक्क सर्वांना आहे आणि १९९४ पासून त्याचा उल्लेख थेट राज्यघटनेत आहे. घराचे अंगण आणि उभे पीक एवढे वगळायचे, बाकी रान सर्वांचे, अशा समजुतीत वाढलेला मुलगा कासच्या पठारावर फुले दिसताच धावत सुटणार. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या त्या पठारावर आखलेली वाट सोडायची नाही आणि एकही फूल तोडायचे नाही, हे त्याला गाडीतच सांगा. तिकडच्या त्या हक्काचे सूत्रही ‘त्रास देऊ नका, नासधूस करू नका’ असेच आहे, त्यामुळे त्याच्या आईला ते लगेच पटेल.

बेत ठरवताना ‘बघू, शुक्रवारी फोन करतो’ असे म्हणू नका. तारीख आणि निघण्याची वेळ दोन आठवडे आधी लिहून कळवा. सहा म्हटले की सहाला पाच कमी असताना ते फाटकाशी उभे असतील, तेव्हा साडेसहाला निघायचे असेल तर साडेसहाच सांगा. खर्चाचा हिशेब ते घरी पोहोचायच्या आत रुपयापर्यंत काढून पाठवतील. ‘राहू द्या हो’ म्हणून दोनदा भांडू नका, अर्धे पैसे घ्या, आणि पुढच्या वेळची भाकरी तुमच्याकडून हे तेवढे ठरवून टाका.